पूररेषा आणि भूमापकाची सही

इतिहास म्हटला की राजघराणी, लढाया आणि तहनामे यांची चित्रे आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु ज्या साध्या कागदांवर सामान्य गृहस्थाचे घर आणि त्याचे कर्ज अवलंबून असते, त्या कागदांनाही इतिहास असतो. एखाद्या समाजाने संकटाची जबाबदारी आपसांत कशी वाटून घेतली हे पाहावयाचे असेल, तर हा इतिहास तहनाम्यांपेक्षा कमी बोलका नसतो. आज आम्ही अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील अशा एका कागदाची हकीकत आपल्यापुढे मांडणार आहोत.

या कागदाला आपण ‘पूर-उंचीचा दाखला’ म्हणू. नदीच्या वा समुद्राच्या काठी असलेल्या घराचे जोते समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे, आणि त्या ठिकाणी अपेक्षिलेल्या पुराच्या पातळीच्या ते वर आहे की खाली, हे हा दाखला सांगतो. त्यावर परवानाधारक भूमापकाची, अभियंत्याची किंवा वास्तुशिल्पज्ञाची सही आणि शिक्का असतो. अवघी काही पानांची ही बाब! परंतु तिच्याविषयी दोन प्रश्न तेथील भूमापकांना अनेक दशके छळीत आले आहेत. या दाखल्याचे मोल किती घ्यावे, हा पहिला. आणि तो चुकला तर नुकसानभरपाई कोणी द्यावी, हा दुसरा. वरवर पाहता हे एका धंद्यातील घरगुती प्रश्न वाटतात. खोलात शिरले म्हणजे ध्यानात येते की, पुराचे उत्तरदायित्व कोणाचे, या जुन्या वादाचे ते शेवटचे टोक आहे.

त्या वादाचा आरंभ आपण १९२७ सालापासून धरू. त्या वर्षी मिसिसिपी नदीने बांध फोडले आणि सुमारे २७,००० चौरस मैलांचा मुलूख पाण्याखाली गेला. लाखो माणसे बेघर झाली. तोवर नदीला बांधांच्या कोंडीत धरले की काम झाले, अशी तेथील अभियंत्यांची श्रद्धा होती. ती त्या पाण्यात वाहून गेली. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९२८ साली, काँग्रेसने पूरनियंत्रणाचा कायदा केला. नदी आवरण्याचे प्रचंड काम सरकारने अंगावर घेतले खरे. परंतु त्याच कायद्यात एक कलम घातले, की पुरामुळे कोठेही झालेल्या कोणत्याही नुकसानीचे दायित्व सरकारवर येणार नाही. बांध सरकारचे, पण बांध फुटला तर भरपाई सरकारकडे मागता येणार नाही, असा त्याचा अर्थ. खाजगी विमा कंपन्यांनीही याच सुमारास पुराच्या विम्यातून बहुतांशी अंग काढून घेतले. आगीचा विमा चालतो, कारण सगळ्या शहरातील घरे एकाच दिवशी जळत नाहीत. पुरात मात्र एका खोऱ्यातील सारी घरे एकाच रात्री बुडतात, आणि विमा मागावयास येतो तोही बहुधा ज्याच्या दारात पाणी येते तोच. असा व्यवहार कोणता व्यापारी करील?

याप्रमाणे सरकारने हात झटकले, कंपन्यांनी पाठ फिरविली, आणि घरमालक उरला एकटा. गिल्बर्ट व्हाइट नावाच्या भूगोलशास्त्रज्ञाने १९४० नंतरच्या दशकात या प्रश्नाकडे निराळ्या दृष्टीने पाहिले. पाणी येणे निसर्गाच्या हाती आहे. परंतु पाण्याच्या वाटेत घर बांधावे की नाही, हे तर माणसाच्या हाती आहे ना? मग केवळ बांध उंच करीत बसण्यापेक्षा माणसांची वस्ती शहाणपणाने बसवावी, असे त्याचे सांगणे होते. १९५६ साली पुराच्या विम्याचा एक कायदा संमत झाला, पण त्याला पैसाच न मिळाल्यामुळे तो कागदावरच राहिला. १९६५ च्या सप्टेंबरात ‘बेट्सी’ या वादळाने न्यू ऑर्लीन्स आणि भोवतालचा प्रदेश बुडविला, तेव्हा विषय पुन्हा ऐरणीवर आला. व्हाइटच्या अध्यक्षतेखाली एक समिती बसली, आणि १९६८ साली राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या सहीने राष्ट्रीय पूरविम्याचा कायदा जन्माला आला.

या कायद्यामागील सौदा समजून घेण्याजोगा आहे. सरकारने गावांना सांगितले, ‘तुम्ही नदीकाठच्या बांधकामावर नियम घाला, आम्ही तुमच्या नागरिकांना पुराचा विमा देतो.’ परंतु नियम घालावयाचा तर रेषा हवी, आणि विम्याचा हप्ता ठरवावयाचा तर आकडा हवा. म्हणून कोणत्याही एका वर्षी येण्याचा संभव शेकडा १ आहे, असा पूर प्रमाण म्हणून धरण्यात आला. त्याचे पाणी ज्या उंचीपर्यंत चढेल ती ‘आधारभूत पूरपातळी’. लोक याला ‘शंभर वर्षांचा पूर’ म्हणू लागले आणि तेथेच पुष्कळांची फसगत झाली. शंभर वर्षांचा, म्हणजे एकदा येऊन गेला की आपल्या हयातीत पुन्हा येत नाही, अशी समजूत रूढ झाली. वस्तुतः ३० वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत असा पूर निदान एकदा येण्याचा संभव शेकडा २६ निघतो. चार घरांपैकी एकाच्या दारी तो कर्ज फिटण्यापूर्वीच येऊन उभा राहील, असा हा हिशेब आहे.

प्रारंभी विमा घेणे ऐच्छिक होते, आणि ऐच्छिक गोष्टीचे जे होते तेच झाले. १९७२ च्या जून महिन्यात ‘अ‍ॅग्नेस’ वादळाने पेनसिल्व्हेनियात हाहाकार उडविला, तेव्हा विमा उतरलेली घरे अगदी मूठभर निघाली. म्हणून १९७३ साली सक्ती आली. पूरक्षेत्रात घर असेल आणि कर्जाला सरकारी हमी किंवा देखरेख असलेल्या संस्थेचा पैसा असेल, तर विमा घेतलाच पाहिजे. सक्ती होताच बँकेच्या मेजावर एक प्रश्न रोज येऊ लागला: हे विशिष्ट घर रेषेच्या वर की खाली? नकाशा मोहल्ल्याचे सांगतो, घराचे सांगत नाही. घराचे सांगावयास कोणीतरी दुर्बीण आणि दांडी घेऊन दारात जावे लागते. पूर-उंचीचा दाखला महत्त्वाला चढला तो येथे. आणि ज्याच्याकडे आजवर कोणाचे लक्ष नव्हते, तो भूमापक एकाएकी नदी, सरकार, बँक आणि घरमालक यांच्या मधोमध येऊन उभा राहिला.

त्याच्या आकड्यावर किती पैसा अवलंबून होता, याचे एक उदाहरण देतो. २०१२ साली विम्याचे दर वाढविणारा कायदा झाला, तेव्हा या योजनेचा कारभार पाहणाऱ्या ‘फेमा’ या सरकारी खात्याने लोकांना समजावे म्हणून एक चित्र काढले होते. अडीच लाख डॉलरांच्या विम्यासाठी, जोते पूरपातळीच्या ३ फूट वर असेल तर वर्षाला ४२७ डॉलर. बरोबर पातळीवर असेल तर १,४१० डॉलर. आणि ४ फूट खाली असेल तर ९,५०० डॉलर! वरच्या आणि खालच्या घरात सात फुटांचे अंतर, आणि हप्त्यात बावीस पटींचा फरक. दहा वर्षांत हा फरक नव्वद हजार डॉलरांच्या वर जातो. आणि हा सारा फरक ठरविणारा दाखला घरमालकाला साधारणतः काहीशे डॉलरांत मिळे. जागा अवघड असली तर हजारावर जाई.

आता हे काम प्रत्यक्षात काय आहे ते पाहू. उंची ही काही घराच्या भिंतीवर लिहिलेली नसते. सरकारने जागोजाग उंची कोरून ठेवलेली तलचिन्हे असतात. त्यांतील एखाद्यापासून आरंभ करून, दांडी वाचीत वाचीत, ती उंची घरापर्यंत आणावी लागते. तलचिन्ह जवळ असले तर काम तासाभराचे, लांब असले तर दिवसभराचे. उपग्रहांवरून स्थान सांगणाऱ्या यंत्रांनी ही पायपीट पुष्कळ कमी केली. परंतु एक जुनी मेख तशीच राहिली. समुद्रसपाटी म्हणजे तरी कोणती? अमेरिकेत १९२९ साली २६ भरतीमापक ठाण्यांवरून एक आधारपातळी ठरविली गेली. पुढे अधिक काटेकोर मोजणी झाल्यावर १९८८ ची म्हणून ओळखली जाणारी दुसरी आली; ती कॅनडातील सेंट लॉरेन्स नदीच्या काठी असलेल्या एकाच ठाण्यावर बांधलेली आहे. या दोहोंत फ्लोरिडाच्या दक्षिण भागात सुमारे दीड फुटाचा फरक पडतो, तर पश्चिमेकडील कित्येक भागांत तो उलट दिशेने दोन-तीन फुटांपर्यंत जातो. नकाशा जुन्या पातळीवर, तलचिन्ह नव्या पातळीवर, आणि मधले रूपांतर विसरले, तर दुर्बिणीचे एकही वाचन न चुकता दाखला साफ चुकतो. हप्ता फुटाफुटाने बदलतो, हे ध्यानात घेतले म्हणजे दीड फूट ही केवढी गोष्ट आहे हे कळेल.

दुसरी मेख याहून अवघड, कारण ती यंत्राने सुटत नाही. हप्ता ठरे तो ‘सर्वांत खालच्या मजल्या’वरून. परंतु सर्वांत खालचा मजला कोणता? तळघर धरावयाचे, हे उघड आहे. पण खांबांवर उचललेल्या घराखाली भिंती घालून केलेली बंदिस्त जागा, तिचे काय? नियम असा, की त्या भिंतींना पाणी आत-बाहेर जाण्यास पुरेशी छिद्रे असतील, दर चौरस फूट जागेस निदान एक चौरस इंच या प्रमाणात, आणि ती जागा केवळ गाडी ठेवण्यास, सामानास किंवा जिन्यास वापरली जात असेल, तर ती मजल्यात धरावयाची नाही. छिद्रे कमी पडली तर तीच जागा सर्वांत खालचा मजला ठरते, आणि घर कागदावर एकदम आठ फूट खाली येते. घर हलत नाही, पाणी हलत नाही. हप्ता मात्र अनेक पटींनी वाढतो. म्हणजे भूमापकाला नुसती उंची मोजून भागत नाही. त्याला छिद्रे मोजावी लागतात, ठरीव आकृत्यांतून या घराची आकृती निवडावी लागते, पाणी तापविण्याचे यंत्र कोठे बसविले आहे ते पाहावे लागते, आणि छायाचित्रे जोडावी लागतात. येथे मोजमापाचे काम संपून निर्णयाचे काम सुरू होते. आणि माणूस चुकतो तो बहुधा निर्णयात.

मग अशा कामाची किंमत कोणी ठरवावी? भूमापकांची साहजिक इच्छा अशी, की आपल्या मंडळाने एक किमान दर बांधून द्यावा, म्हणजे स्वस्तात उरकणारा माणूस चोख काम करणाऱ्याला बाजारातून उठविणार नाही. परंतु हा मार्ग तेथील सर्वोच्च न्यायालयाने याच काळात बंद केला. १९७५ साली व्हर्जिनियातील वकिलांच्या एका खटल्यात निकाल झाला, की विद्वत्तेच्या धंद्यांनाही मक्तेदारीविरोधी कायदा लागू आहे आणि मंडळाने किमान फी बांधणे बेकायदा आहे. एका कुटुंबाला घर घेताना मालकी-हक्काची तपासणी करून हवी होती, आणि ज्या ज्या वकिलाला विचारावे तो तो मंडळाच्या तक्त्यातील दरच सांगे. तेथून हा खटला निघाला. १९७८ साली पाळी आली अभियंत्यांची. त्यांच्या राष्ट्रीय संस्थेचा नियम होता, की अभियंता निवडला जाण्यापूर्वी त्याने किंमत सांगू नये. किमतीची चढाओढ लागली तर काम निकृष्ट होईल आणि लोकांच्या जिवाला धोका पोचेल, असा त्यांचा युक्तिवाद. न्यायालयाने तो मानला नाही. चढाओढ चांगली की वाईट, हा प्रश्न काँग्रेसने कायदा करतानाच सोडविला आहे, धंद्याने तो पुन्हा उकरू नये, असा त्या निकालाचा आशय होता.

या निकालांत ग्राहकाचे हित होते, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. दाखला सक्तीचा आणि दर बांधलेला, असे झाले असते तर गरीब घरमालक दोन्हीकडून नागवला गेला असता. परंतु यात एक विसंगती आहे. १९७२ च्या एका कायद्याप्रमाणे केंद्र सरकार स्वतःच्या कामासाठी वास्तुशिल्पज्ञ आणि अभियंते निवडते ते किंमत पाहून नव्हे, तर आधी पात्रता पाहून. किमतीची बोलणी मागाहून होतात. पुढे या पद्धतीत भूमापन आणि नकाशांचे कामही आले. म्हणजे पूररेषेचा नकाशा काढताना सरकार आधी पात्रता विचारते, आणि त्याच रेषेवर घर बसविणारा गृहस्थ मात्र चार जणांना दर विचारून सर्वांत स्वस्त माणूस निवडतो.

इकडे किंमत बाजारावर सोडलेली. तिकडे दायित्व मात्र न्यायालये वाढवीत चालली होती. जुना नियम असा होता, की ज्याच्याशी करार झाला त्यालाच करारातील चुकीबद्दल दाद मागता येते. या नियमाला पहिला मोठा तडा गेला तो १९२२ साली न्यूयॉर्कमध्ये, आणि तोही चवळी-घेवड्यासारख्या एका द्विदल धान्याच्या मापावरून! ९०५ पोती शेंगदाण्यांची नव्हेत, सोन्याची नव्हेत, साध्या घेवड्याच्या दाण्यांची. विकणाऱ्याने सार्वजनिक तोलाऱ्याकडून ती तोलून घेतली, आणि त्याच्या दाखल्याची एक प्रत घेणाऱ्याला मिळाली. त्या वजनावर पैसे चुकते झाले. मागाहून माल ११,८५४ पौंड कमी निघाला. तोलाऱ्याला पैसे दिले होते विकणाऱ्याने, घेणाऱ्याशी त्याचा करार नव्हता. तरीही न्यायमूर्ती कार्डोझो यांनी निर्णय दिला, की ज्याच्या विश्वासासाठी दाखला लिहिला, त्याच्यापुढे तोलारी जबाबदार आहे. १९६९ साली इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व भूमापकाला लावले. त्याने एका बांधकाम करणाऱ्यासाठी जागेचा नकाशा केला होता आणि अचूकतेची संपूर्ण हमी त्यावर छापली होती. घर पुढे दुसऱ्याने घेतले, नकाशावर विसंबून गॅरेज आणि गाडीची वाट बांधली, आणि ती निघाली शेजाऱ्याच्या हद्दीत. भूमापकाने या मालकाला कधी पाहिलेही नव्हते. पण भरपाई त्याच्यावर आली.

राज्याराज्यांत हा कायदा एकसारखा नाही. तथापि पूर-उंचीच्या दाखल्याचे स्वरूप पाहिले, तर तो तोलाऱ्याच्या दाखल्याचा सख्खा भाऊ आहे हे कोणालाही पटेल. त्याचे पैसे देतो घरमालक. त्यावर विसंबतात गाव, विम्याचा दलाल, विमा देणारे सरकार, आणि कदाचित उद्याचा खरेदीदार. शिवाय जाणूनबुजून खोटे लिहिले तर दंड आणि कैद यांची तंबी त्या नमुन्यातच आहे. मात्र त्याच नमुन्यात भूमापक एवढेच म्हणतो, की उपलब्ध माहितीचा अर्थ लावण्याचा आपण होईल तितका प्रयत्न केला आहे. हा शब्दप्रयोग आम्हांला महत्त्वाचा वाटतो. प्रयत्नाचा दाखला निराळा आणि हमी निराळी. इलिनॉयचा भूमापक अडकला तो हमी छापून.

तेव्हा या इतिहासाचा निष्कर्ष काय? १९२८ साली सरकारने जे ओझे उतरवून ठेवले, ते नाहीसे झाले नाही. १९६८ च्या कायद्याने त्याला आकड्याचे रूप दिले, १९७३ च्या सक्तीने तो आकडा दारोदार नेला, आणि त्या ओझ्याचा एक भाग अखेर एका सहीवर येऊन बसला. त्या सहीची किंमत ठरते मोजणीच्या तासांवरून. तिचे दायित्व ठरते तिच्यावर विसंबलेल्या घरावरून. ही दोन मापे जुळत नाहीत. शहाणा भूमापक म्हणून आपल्या फीमध्ये तासांबरोबर जोखमीचाही हिस्सा धरतो, चुकांसाठी स्वतःचा विमा ठेवतो, कोणत्या तलचिन्हावरून आणि कोणत्या आधारपातळीवर मोजले ते लिहून ठेवतो, आणि जे पाहता आले नाही ते पाहिले नाही असे स्पष्ट नमूद करतो. घरमालकानेही ओळखावे, की आपण विकत घेतो तो चार पानांचा कागद नसून एका माणसाची काळजी आहे. आणि दाखला घराची उंची सांगतो. पाणी येणार नाही असे सांगत नाही.

या योजनेचा पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. २०१२ च्या दरवाढीने एवढा ओरडा झाला, की २०१४ साली तिचा वेग कमी करावा लागला. कॅटरिना आणि नंतरची वादळे यांनी योजना कर्जात बुडाली, तेव्हा २०१७ साली काँग्रेसने १६ अब्ज डॉलरांचे कर्ज माफ केले. २०२१ च्या ऑक्टोबरपासून आकारणीची नवी पद्धत आली. आता हप्ता ठरतो तो पाण्यापासूनचे अंतर, घर पुन्हा बांधण्याचा खर्च, जमिनीची व पहिल्या मजल्याची उंची अशा अनेक गोष्टींच्या गणितावरून, आणि विमा घेण्यास दाखला सक्तीचा राहिला नाही. हप्ता कमी होईल अशा आशेने घरमालक तो जोडू शकतो. पूरक्षेत्रात नवे बांधकाम करताना मात्र जोत्याची उंची गावाच्या दप्तरी नोंदविणे अजून आवश्यक आहे. म्हणजे सहीचा उपयोग थोडा आक्रसला, पण संपला नाही.

आपल्याशी या सगळ्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्याच्या पेठांनी पाणी पाहिले. आज महाराष्ट्रात नद्यांच्या काठी निळ्या आणि लाल अशा दोन पूररेषा आखल्या जातात. निळी साधारणतः २५ वर्षांतून एकदाच्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदाच्या. कोल्हापूरकराला राजाराम बंधाऱ्याची ३९ फुटांची इशारा-पातळी आणि ४३ फुटांची धोका-पातळी तोंडपाठ असते. सांगलीकर आयर्विन पुलाकडे डोळे लावून बसतो, आणि २०१९ च्या ऑगस्टात तेथे ५७ फुटांवर गेलेले पाणी तो विसरलेला नाही. परंतु बंधाऱ्याच्या त्या ४३ फुटांच्या हिशेबात आपल्या घराचे जोते किती फुटांवर आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? आपल्याकडे घरोघर जोते मोजून विम्याचा हप्ता ठरविण्याची रीत रुजलेली नाही. ती उद्या आणावी की नाही, हा निराळा वाद आहे. पण रेषा आहे तेथे तिच्या अलीकडे-पलीकडे जमिनीचा भाव बदलतो, आणि भाव बदलतो तेथे रेषेला ढकलू पाहणारे हातही येतात. म्हणून रेषा कोणत्या मोजणीवर आखली, त्या मोजणीखाली सही कोणाची आहे, आणि ती चुकली तर भरपाई कोण देणार, हे तीन प्रश्न नागरिकांनी विचारले पाहिजेत. आणि ते पाणी येण्यापूर्वी विचारले पाहिजेत.